आडवा बसलेला माणूस

हॉर्न वाजला आणि धोंडबाच्या हातातला चहा अंगावर सांडला.

टिप्पर अजून वळणापलीकडेच होता, नुसता आवाज पुढे आला होता. तरी धोंडबा धडपडून उठला, दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि उगाच एकदा खाकरला. फाटकाचा आडवा पाइप खाली होता. तो खाली आहे हे डोळ्यांना दिसत होतं, तरी त्याने हाताने दाबून पाहिला.

वळणावर धुळीचा लोट उठला आणि त्यातून टिप्परचं नारिंगी तोंड बाहेर आलं. मागे गिट्टी शिगोशीग भरलेली. रस्ता हादरला तशी धोंडबाच्या पोटऱ्यांत थरथर चढली. पाइपाच्या हातभर अलीकडे येऊन गाडी थांबली आणि फुस्सकन हवा सोडून गप्प झाली.

"काका, खोल ना गा." खिडकीतून भूपेशने डोकं बाहेर काढलं. भूपेश बोरटोलीचाच पोरगा, धोंडबाच्या घरामागे त्याचं घर.

"नाई होत बाबू. ऑर्डर आहे."

"मले मालूम आहे ऑर्डर. पण तिकून नाल्याच्या रोडनं गेलो तं एक फेरी कमी होते. शेठ बोंबलते आमच्यावर."

"मंग मी काय करू? मी का मालक आहो फाटकाचा?"

"आता तं तूच आहेस."

"जाय ना बाप्पा परत. हात जोडतो तुले." आणि धोंडबाने खरोखरच हात जोडले.

भूपेशला आधी हसू आलं होतं, ते गेलं. त्याने गाडी मागे घेतली. मागे जाणाऱ्या टिप्परची पीप-पीप वळणाआड जाईपर्यंत धोंडबा हात जोडूनच उभा होता.

धोंडबा पराते मुळातच भित्रा माणूस. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या बोरटोलीला ते ठाऊक होतं. कुत्रं भुंकलं की तो रस्ता बदलायचा. वीज कडाडली की घरात सगळ्यात आधी तो खाटेवर पाय वर घेऊन बसायचा. त्याची अर्धी जिंदगी उमरेडला हातमागावर गेली होती. चार भिंतींच्या आत, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, धोट्याच्या खटखटीत माणूस सुरक्षित असतो. तिथे कुणी त्याला विचारत नव्हतं आणि त्याला कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. मग माग बंद पडले. तो बायकोच्या माहेरी, बोरटोलीला येऊन राहिला आणि ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून लागला. नळाचे व्हॉल्व्ह फिरवायचे, दिवे लावायचे, सभेच्या सतरंज्या टाकायच्या. तेही काम त्याला मानवलं होतं.

गावापासून पुढे टेकडीला गिट्टीची खदान होती. तिथले टिप्पर गावातूनच उमरेड रोडला लागत. रस्ता मुळात बैलबंडीचा, त्यावर डांबर पडलेलं. दोन टिप्पर समोरासमोर आले की सायकलवाल्याने नालीत उतरायचं, असा अलिखित कायदाच झाला होता. दिवाळीनंतर एका सकाळी नानाजी दूधवाला नालीत उतरू शकला नाही. शाळेजवळच्या वळणावर त्याची सायकल टिप्परच्या मागच्या चाकाखाली गेली. दुधाचे कॅन रस्त्यावर गडगडत गेले, आणि सांडलेल्या दुधात माती कालवल्यासारखी दिसत होती ती मातीच नव्हती. धोंडबा तेव्हा तिथून जवळच व्हॉल्व्ह फिरवत होता. सगळ्यांत आधी तोच पोचला, आणि पोचून त्याने काय केलं, तर डोळ्यांवर हात घेतले.

लोकांनी नानाजीचा मुडदा रस्त्यावरून हलू दिला नाही. तहसीलचे साहेब आले, पोलीस आले. शेवटी हुकूम निघाला की सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गिट्टीच्या जड गाड्यांना गावातून बंदी. खदानीने नाल्याकाठचा आपला कच्चा रस्ता वापरावा. गावाच्या तोंडाशी दोन खांब रोवले आणि त्यांच्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पाइप टाकला. पाइपाच्या एका टोकाला सिमेंटचा ठोकळा होता. ठोकळ्याची दोरी खाली ओढली की पाइप वर जायचा. पण ठोकळा हलका पडला होता. एसटी, ट्रॅक्टर, शाळेची गाडी पार होईपर्यंत दोरी दोन्ही हातांनी ओढून धरावी लागे. सोडली की पाइप धाडकन खाली. स्कूटर-सायकलींना बाजूने वाट ठेवली होती.

फाटकावर बसायचं कुणी, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांच्या नजरा इकडे तिकडे गेल्या. गावातली निम्मी तरणी पोरं खदानीवरच कामाला. उरलेल्यांना वैर नको होतं. पंचायतीचा शिपाई तेवढा पंचायतीचा माणूस होता. धोंडबाला नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून तो फाटकावर बसला.

पहिल्या काही दिवसांत त्याला सगळे प्रकार बघायला मिळाले. एकाने शिव्या दिल्या. एकाने बायको बाळंत होऊन राहिली म्हणून गयावया केली. धोंडबाने विरघळून दोरी ओढली आणि जाताना त्या ड्रायव्हरने खिडकीतून अंगठा दाखवला. तेव्हापासून धोंडबा कुणाचंच ऐकून घेत नव्हता. म्हणजे ऐकायचा, पण पायाकडे बघत ऐकायचा.

खरी भीती मात्र पांढऱ्या जीपमधून आली.

दुपारची वेळ होती. फाटकाजवळच्या बोरीखाली जीप थांबली आणि गौरांग उतरला. हा खदानीचा मॅनेजर, नागपूरचा. तरणा, गोरा, केस चापून बसवलेले, बोलणं एकदम गोड.

"काय काका, जेवण झालं का?"

"झालं साहेब."

"साहेब काहून म्हणता? मी तुमच्या पोरासारखा आहो." त्याने मिठाईचा डबा पुढे केला. "घ्या. संत्रा बर्फी. इतवारीतून आणली, ताजी आहे."

"मले साखर चालत नाई."

"तुमच्यासाठी कुठे आणली? भूमिकासाठी आणली."

धोंडबाने मान वर केली. लेकीचं नाव त्याने ह्या माणसाला कधी सांगितलं नव्हतं.

"नागपूरले, नंदनवनले जाते न ती? रक्त तपासायच्या लॅबमध्ये," गौरांग म्हणाला. "हुशार पोरगी. रोज निळ्या स्कूटीवर जाते, रोज येते. सकाळी धुकं राहते न काका आजकाल? मी सांगून ठेवलं आमच्या ड्रायव्हर लोकांना, का बा आपल्या गावची पोरगी आहे, सांभाळून चालवत जा. पण ड्रायव्हर लोक तुम्हाले माहीत आहे. कोणाची झोप होऊन नाई राहत, कोणी घेऊन राहते. मी तरी कोणाकोणाले सांगू?"

एवढं बोलून त्याने डबा दगडावर ठेवला, धोंडबाच्या खांद्यावरची धूळ आपल्या हाताने झटकली आणि निघून गेला. फाटकाचा विषयसुद्धा त्याने काढला नाही.

तो डबा दिवसभर दगडावर पडून होता. धोंडबाला तो उघडवेना, घरी नेववेना, आणि कुत्र्याला टाकावा तर कुणी पाहील अशी भीती. दिवेलागणीला फाटक सोडून घरी जाताना त्याने डबा नाल्यात फेकला आणि कुणी आपल्याला हाक मारेल म्हणून जवळजवळ पळतच घर गाठलं.

भूमिका आलेली नव्हती. तो ओट्यावर बसला. रस्त्यावर दिवा दिसला की उठायचा, मोटरसायकल निघाली की पुन्हा बसायचा. त्याची बायको रुख्मा आतून म्हणाली, "काहून असे उठबस करून राहिले? मुंग्या चावून राहिल्या का?"

"उशीर झाला पोट्टीले."

"रोजच्या टायमावर तं आहे."

स्कूटी दाराशी आली तेव्हा धोंडबाने आधी स्कूटीकडे पाहिलं, मग पोरीकडे. ती नेहमीसारखीच तोंडाचा स्कार्फ सोडत, केस झटकत आत गेली. जेवताना तो म्हणाला, "उद्यापासून एसटीनं जात जाय."

"एसटी उशिरा येते बाबा. लॅबवाले ठेवतील का मले?"

"मंग दुसरं काम पाहू."

"काहून पण? काय झालं?"

"काई नाई. धुकं पडून राहिलं ना आता."

भूमिकाने आईकडे पाहिलं. रुख्माने खांदे उडवले.  दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच धोंडबा उठला आणि त्याने कंदिलाच्या काचेसारखा स्कूटीचा मागचा दिवा पुसला, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, आणि पंचायतीतून आणलेली चकाकणारी पट्टी मडगार्डवर, डिकीवर, हेल्मेटच्या मागेसुद्धा चिकटवली. भूमिका बाहेर आली आणि हसली. "बाबा, गाडी आहे का लग्नाचा मांडव आहे?" तोही हसला. मग ती वळणाआड जाईपर्यंत तो पट्टीची चकाकी बघत उभा राहिला.

तो शामलाताईंकडे गेला. शामलाताई गावच्या सरपंच. शेतकऱ्याच्या घरातल्या, पन्नाशीच्या, बोलायला तिखट. धोंडबा पडवीत उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"ताई, मले फाटकावरून काढा. व्हॉल्व्हवर ठेवा, नाल्या साफ करायले लावा. काईही सांगा."

"काहून? कोणी काई म्हटलं का?"

धोंडबाने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं तर ताई तक्रार करतील. तक्रार झाली तर ती कुणी केली हे गौरांगला कळेल. मग धुकं, आणि निळी स्कूटी. "नाई, कोणी काई नाई म्हटलं. मले भेव लागते, बस."

शामलाताई उठल्या. त्यांनी पडवीच्या कोपऱ्यातली टोपली उचलली. खाली छपराच्या फुटलेल्या कवेलूंचा ढीग होता. "परवा छपरावर गोटे पडले. परत काल पडले. माह्या सासूबाईच्या उशाशी एक पडला. मी कोणाले सांगतलं नाई. सांगतलं तं गाव म्हणते, सरपंच घाबरली." टोपली त्यांनी पुन्हा पालथी घातली. "मले का भेव नाई लागत, धोंडबा? पण तू उठला तं तिथं कोण बसन? नाव सांग एक. मी आत्ता तुले काढते."

धोंडबाने डोक्यात सगळ्या गावावरून नजर फिरवली. नाव सापडलं नाही. तो फाटकावर परत गेला.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. भाकर अर्धीच खाऊन तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पांढरी गाडी दिसली, मग ती कुणा मास्तरची का असेना, की तळव्यांना घाम सुटायचा. कधी पांढरी जीप फाटकापाशी यायची, थांबायची, आतून काच खाली व्हायची आणि गौरांग नुसता नमस्कार करून निघून जायचा. एकदा तर धोंडबाच्या मनात आलं की सरळ दोरी ओढून बांधून टाकावी आणि म्हणावं, जा बापहो, काय जायचं ते जा. त्याने दोरीला हातही घातला. तेवढ्यात शाळा सुटली, पोरं रस्त्याच्या मधोमध दंगा करत आली. त्याने दोरी सोडून दिली.

कापसाची दुसरी वेचणी चालली होती तेव्हाची गोष्ट. दुपार कलत होती. वळणाकडून हॉर्न आला, पण हा नेहमीचा नव्हता. कुणीतरी हॉर्नवर हात दाबून धरला होता आणि उचलतच नव्हतं.

भूपेशचा टिप्पर होता. फाटकाशी येऊन तो असा थांबला की मागच्या गिट्टीचे खडे उडून केबिनच्या टपावर पडले.

"काका, खोल! धम्मानंदचा हात क्रशरच्या पट्ट्यात गेला!"

धम्मानंद खदानीवर क्रशर चालवायचा, शेजारच्या टोल्यावरच्या वस्तीतला. धोंडबा त्याला ओळखत होता. पण त्याला तो अंगठाही आठवला. आणि भूपेशच्या टिप्परमागे दुसरा टिप्पर उभा होता, त्याच्यामागे तिसरा, त्याच्यामागे धूळ. सगळे भरलेले.

"गाडी भरून काहून आणली मंग?"

"खाली करायले टाइम कुठं होता? जीप शेठ घेऊन गेला नागपूरले. खोल ना गा काका, मरते तो!"

"ते मागचे काहून आले?"

"मले काय माहीत? मॅनेजरनं लावले. म्हणे फाटक खुलन तं सगळेच काढा."

धोंडबाला वर चढून बघायचं होतं आणि चढायची भीती वाटत होती. आपण वर असताना कुणी दोरी ओढली तर? गाडी आपल्याला घेऊनच निघाली तर? पण तो चढला. कसा चढला ते त्याला नंतर आठवलं नाही. खिडकीतून त्याने आत पाहिलं. सीटवर धम्मानंद मागे डोकं टाकून पडला होता, ओठ पांढरेफटक. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला हात त्याने दुसऱ्या हाताने छातीशी धरला होता आणि पोत्याच्या कडेने थेंब गळत होते. त्याने डोळे उघडले. "काका," तो म्हणाला, "बोटं आहे का नाई, समजत नाई मले."

धोंडबा खाली उतरला आणि दोरीला लोंबकळला. पाइप वर गेला. भूपेशचा टिप्पर खालून निघाला, आणि त्याचं मागचं चाक पार होताच धोंडबाने दोरी सोडून दिली. पाइप धाडकन खाली आला, तो दुसऱ्या टिप्परच्या अगदी तोंडाशी. टिप्पर करकचून थांबला.

"ए बुड्ढे! पाइप उठा!"

हा ड्रायव्हर बाहेरचा होता, छत्तीसगडकडचा. धोंडबाने दोन्ही हात हलवून नाही नाही केलं.  ड्रायव्हरने गाडी सुरूच ठेवली होती, ती त्याने पुढे घेतली. बंपर पाइपाला लागला. पाइप कुरकुरला, आणि मध्ये हळूहळू वाकायला लागला.

धोंडबा पाइपाच्या गावाकडच्या बाजूला, रस्त्याच्या मधोमध उभा होता. आता पळायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. नालीत उडी टाकायची, तुरीच्या शेतात शिरायचं, घर गाठायचं, दार लावायचं. त्याने पळायला म्हणून पाय उचलला आणि पाय उचललाच गेला नाही. गुडघ्यांखाली काही उरलंच नव्हतं. तो आहे तिथे खाली बसला. बसला कसला, कोसळला. मांड्यांना ऊब लागली तेव्हा त्याला कळलं की आपला पायजमा ओला झाला आहे.

बंपर त्याच्या डोक्याच्या वर होता. इंजिनची धग तोंडावर येत होती. जळक्या तेलाचा वास, आणि वरून गिट्टीचे खडे एकेक करून त्याच्या आजूबाजूला टपटप पडत होते. त्याने डोळे मिटले आणि दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. त्याला नानाजी दिसला नाही, देव दिसला नाही. सकाळी भूमिका डबा विसरून गेली होती, तो डबा तेवढा चुलीशेजारी ठेवलेला दिसला.

मग इंजिन बंद झालं.

दार आपटलं. पावलं आली. "मरना है क्या रे?" ड्रायव्हर ओरडत आला, आणि अगदी जवळ येऊन गप्प झाला. धोंडबाने दुपट्ट्याआडून पाहिलं. ड्रायव्हर त्याच्या ओल्या पायजम्याकडे बघत होता. चांगला दाढीवाला, धिप्पाड माणूस. तो तिथेच उकिडवा बसला.

"उठो बाबा," तो हळू म्हणाला.

"उठता नाई येऊन राहिलं," धोंडबा म्हणाला. "पाय गेले माहे."

ड्रायव्हरने गाडीतून पाण्याची बाटली आणली. धोंडबाला पाजली, आणि उरलेलं पाणी, कुणी येण्याआधी, मुद्दाम सांडल्यासारखं त्याच्या मांडीवर ओतून दिलं. "मैं वापस लेता हूँ," तो म्हणाला. "मालिक मेरी खाल खींच लेगा. पर जाने दो." त्याने मागच्या गाडीला हाताने मागे जायची खूण केली.

तोवर वेचणीच्या बाया कापसाची ओटी सांभाळत धावत आल्या होत्या. शाळेचे मास्तर आले, मोबाइल हातात. त्यांना दिसलं ते एवढंच, की वाकलेल्या पाइपाखाली, टिप्परच्या बंपरसमोर, धोंडबा पराते रस्त्यात मांडी घालून बसला आहे आणि टिप्परांची रांग एकामागून एक मागे जाते आहे.

संध्याकाळपर्यंत ते चित्र गावोगावी पोचलं. टिप्परसमोर आडवा बसलेला माणूस. दुसऱ्या दिवशी तहसीलचे साहेब पुन्हा आले, या वेळी काही दिवसांसाठी पोलिसांची गाडी फाटकावर ठेवूनच गेले. पाइप बदलला, जाड बसवला. खदानीने नाल्याकाठचा रस्ता मुरूम टाकून धड केला आणि गिट्टी तिकडून जाऊ लागली. धम्मानंदची तीन बोटं गेली, हात वाचला. भूपेशला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. तो कन्हानकडे कुणाच्या ट्रॅक्टरवर लागला. गौरांगला कुणी काही केलं नाही. जीप पांढरी होती ती पांढरीच राहिली.

ग्रामसभेत धोंडबाला शाल-नारळ दिला. शामलाताई म्हणाल्या, "दोन शब्द बोल गा." तो माइकसमोर उभा राहिला, घाम पुसला. "मी आडवा नाई बसलो," तो म्हणाला. "मी पळून राहिलो होतो. पाय गेले माहे, म्हणून बसलो." सभा खो-खो हसली आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढं करून माणूस किती साधा, असं जो तो म्हणत होता. धोंडबाने पुन्हा सांगायला तोंड उघडलं तर टाळ्या आणखी वाढल्या.

बायकांच्या बाजूला भूमिका बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्यावर तिने शाल घडी करून खुंटीवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी नंदनवनले खोली पाहिली. लॅबमधली एक पोरगी आहे, तिच्यासंग राहीन."

"काहून?"

"जाणं-येणं होत नाई आता."

"आता तं रोड खाली झाला. आता काहून नाई होत?"

ती बराच वेळ स्कूटीच्या किल्लीशी चाळा करत राहिली. "ते पांढरी जीप," ती म्हणाली. "फाटक लागलं तवापासून माह्या मागं येते. उमरेड रोडपासून पार नागपूरच्या दिघोरीपर्यंत. काई करत नाई, बोलत नाई. मी हळू केली तं हळू करते. मी थांबली तं थांबते. तुम्ही बसले होते त्या दिवसानंतर भी आली. काल भी आली."

धोंडबा खाटेवर टेकला. "मले काहून नाई सांगतलं, बेटा?"

"तुम्ही फाटकावरून उठले असते." तिने किल्ली खाटेवर ठेवली. "आणि तुम्ही किती भेता, ते मले माहीत नाई का?"

मग धोंडबाने तिला बर्फीच्या डब्याचं सांगितलं. पहिल्यांदाच, सगळं, गौरांगने खांद्यावरची धूळ झटकली तिथपर्यंत. स्वयंपाकघराच्या दारात रुख्मा पिठाचे हात घेऊन उभी होती. तिने दोघांचंही ऐकलं होतं. ती बाहेर आली, एकदा नवऱ्याकडे, एकदा लेकीकडे पाहिलं. "बाप्पा," ती म्हणाली, "एका घरात राहून दोघंही एकेकटे भेत होते." आणि तिथेच, दोघांच्या मध्ये, जमिनीवर बसली.

शामलाताईंनी पोलिसात तक्रार दिली. चौकशी करू, असं उत्तर आलं. भूमिका थांबायला तयार नव्हती, आणि तिला थांब म्हणायची छाती धोंडबाला झाली नाही. स्कूटी घरीच राहिली. नंदनवनमध्ये लॅब खोलीपासून चालत जाण्याइतकी जवळ होती. त्या रस्त्यांवर माणसं असतात, दुकानं असतात, असं ती आईला सांगत होती.

ती गेली त्या सकाळी धोंडबा नेहमीसारखाच फाटकावर होता. खदानीपलीकडची गावं घेत नागपूरला जाणारी एसटी गावातून निघून आली, फाटकाशी थांबली. दोरी ओढायला दुसरं कुणी नव्हतं. त्याने ती दोन्ही हातांनी ओढून धरली आणि पाइप वर गेला. खिडकीत भूमिका होती, मांडीवर पिशवी, शेजारी पत्र्याची पेटी. तिने हात हलवला. धोंडबाने मान हलवली. पाइप नवा होता, पहिल्यापेक्षा जड, आणि दोरीवरचा एक हातही काढता येण्यासारखा नव्हता.

एसटी वळणाआड गेली. धूळ खाली बसली. मागून आलेला सायकलवाला बाजूच्या वाटेने पुढे निघून गेला आणि वळून म्हणाला, "काका, गेली गाडी. सोडा आता."

"हो," धोंडबा म्हणाला, आणि दोरी तशीच धरून आणखी थोडा वेळ उभा राहिला.